रक्तवाहिनीला घातलेला बांध

राहुरी तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिक्षकांचे दोन दिवसांचे शिबिर होते. बहुवारिके, म्हणजे पॉलिमर, हा आमच्या संशोधनाचा विषय. त्यामुळे मानवनिर्मित पदार्थांवरच्या पाठाबद्दल बोलण्यासाठी आम्हाला बोलावणे होते. नायलॉन, पॉलिथिन, बेकेलाइट असे नेहमीचे बोलून झाले. जेवणाच्या सुट्टीत एक शिक्षक आम्हाला बाजूला घेऊन गेले. त्यांनी जे विचारले ते आमच्या भाषणातल्या कशाहीपेक्षा अवघड होते.

त्यांचा एक माजी विद्यार्थी, वय पंचविशीच्या आतबाहेर, क्षयाने आजारी होता. औषधे सुरू होऊन काही आठवडे झाले होते. एका पहाटे खोकल्याबरोबर वाटीभर रक्त पडले, तासाभराने पुन्हा पडले. घरच्यांनी जीप करून त्याला पुण्याला नेले. तिथे डॉक्टरांनी जांघेतून एक बारीक नळी आत सरकवली आणि छातीतली एक रक्तवाहिनी आतूनच बंद केली. छाती उघडली नाही, टाका घातला नाही. रक्त थांबले आणि चार-पाच दिवसांत पोरगा घरी आला. गावात बोलणे झाले की, त्याच्या छातीत स्पंज कोंबला आहे.

शिक्षक म्हणाले, "सर, रक्त पोहोचले नाही तर पेशी मरतात, असे मी वर्गात शिकवतो. मग रक्तवाहिनी बंद करून माणूस बरा कसा होतो? तो स्पंज पुढे जातो कुठे? त्याची आई मला रोज विचारते. आणि पोरगा तर म्हणतो, भोक बुजले, आता गोळ्या कशाला? त्याने गोळ्या सोडल्यात."

पहिले दोन प्रश्न शास्त्राचे होते, तिसरा जिवाचा. तिन्हींची उत्तरे मात्र एकमेकांत गुंतलेली आहेत. त्या दिवशी आम्ही जमेल तसे बोललो. इथे तेच जरा नीट मांडतो.

दोन पाटांचे पाणी

पाटपाण्याच्या भागातल्या वाचकाला रक्ताभिसरण समजावणे सोपे जाते. भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले. त्याच्या पाण्यावर प्रवरेकाठचा ऊस वाढला आणि त्या उसावर साखर कारखाने उभे राहिले. पाटातून चारी, चारीतून पोटचारी, तिथून सरी आणि शेवटी उसाचे मूळ, अशी पाण्याची वाट असते. महाधमनी, धमनी, धमनिका, केशवाहिनी ही रक्ताची वाटही तशीच. रात्री दारे धरणाऱ्या माणसाला जे ठाऊक असते ते रक्तवाहिन्या बंद करणाऱ्या डॉक्टरलाही ठाऊक असावे लागते. कोणते दार कुठे बंद करायचे, कशाने करायचे आणि किती वेळासाठी करायचे, हे ते ज्ञान.

पण फुप्फुसाची गोष्ट इतर अवयवांहून वेगळी आहे. या शेताला दोन पाटांचे पाणी मिळते. हृदयाच्या उजव्या कप्प्यातून निघणारी फुप्फुस धमनी जवळजवळ सगळे रक्त प्राणवायू घेण्यासाठी फुप्फुसात आणते. हा पाट मोठा, पण त्यातला दाब कमी. सरासरी दाब पाऱ्याच्या १५ मिलिमीटरच्या आसपास असतो. दुसरा पाट म्हणजे महाधमनीतून फुटणाऱ्या श्वासनलिका धमन्या. हृदयातून निघणाऱ्या रक्तापैकी त्यांच्या वाट्याला जेमतेम एक टक्का येते. त्या निघतात मात्र थेट महाधमनीतून, म्हणून दंडाला पट्टा बांधून डॉक्टर जो दाब मोजतात तोच दाब त्यांच्यातही असतो. त्याची सरासरी ९०-१०० मिलिमीटरच्या घरात जाते.

क्षयाने फुप्फुसाचा एखादा भाग पोखरला की तिथली फुप्फुस धमनीची बारीक जाळी नष्ट होते. सूज मात्र वर्षानुवर्षे धुमसत राहते. अशा जागी श्वासनलिका धमन्या वाढू लागतात. एरवी दीड मिलिमीटरहूनही बारीक असलेली धमनी जाड होते, नागमोडी वळते आणि तिला नवे, पातळ भिंतींचे फाटे फुटतात. कच्च्या बांधाच्या चारीत मुख्य पाटाचे पाणी पूर्ण जोराने सोडावे तसे हे असते. एखादा फाटा पोकळीच्या भिंतीशी झिजून फुटला की खोकल्यातून रक्त येते. जिवाला धोका होईल इतके रक्त खोकल्यातून पडते तेव्हा बहुतेक वेळा ते याच धमन्यांतून आलेले असते.

इथे एक गोष्ट लोकांना सहसा माहीत नसते. असा रुग्ण रक्त कमी झाल्यामुळे क्वचितच दगावतो, तो गुदमरून दगावतो. मोठ्या माणसाच्या श्वासमार्गाच्या नळ्यांमध्ये, म्हणजे हवेच्या फक्त येण्याजाण्याच्या वाटेत, सुमारे १५० मिलिलिटर जागा असते. चहाचा एक कप भरेल इतके रक्त त्या वाटेत साकळले की श्वास बंद. रक्त कमी झाले तर बाटली लावता येते, पण श्वासनलिका भरली तर हाताशी मिनिटेच असतात. म्हणून वाटीभर रक्त पडल्यावर त्या घरच्यांनी जीप शोधली ते अगदी योग्य केले. उजाडायची वाट पाहिली असती तर कदाचित उशीर झाला असता.

आता शिक्षकांच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर. श्वासनलिका धमनी बंद केली तरी फुप्फुस मरत नाही, कारण दुसऱ्या पाटाचे पाणी चालू असते. बंद करायचा असतो तो कच्च्या बांधाचा, जादा दाबाचा पाट. वर्गात शिकवलेला नियम खोटा नाही. फक्त ज्या अवयवाला एकच धमनी आहे तिथे तो पूर्ण लागू पडतो, फुप्फुसाला नाही.

नळी आत जाते कशी

जांघेतल्या धमनीत सुई घालायची, सुईतून तार सरकवायची, सुई काढून तारेवरून नळी आत न्यायची, ही युक्ती स्वीडनच्या सेल्डिंगर यांनी १९५३ साली प्रसिद्ध केली. त्या जागेपुरती भूल पुरते, रुग्ण जागा असतो. नळीची जाडी दीड-पावणेदोन मिलिमीटर. क्ष-किरणांच्या पडद्यावर मणके मोजत ती वर नेतात. छातीच्या पाचव्या-सहाव्या मणक्याच्या आसपास श्वासनलिका धमन्यांची तोंडे सापडतात. तिथे आयोडिनयुक्त द्रव सोडला की धमनी पडद्यावर काळ्या मुळीसारखी उमटते आणि रोगट भागाशी तिचे गुंतवळ दिसते.

मग त्या नळीतून रोधक पदार्थ सोडायचा. या उपचाराला एम्बोलायझेशन म्हणतात. शब्दाचे मूळ ग्रीक असून त्याचा अर्थ खुंटी किंवा बूच. खोकल्यातल्या रक्तासाठी तो पहिल्यांदा फ्रान्समध्ये जाक रेमी यांनी १९७० च्या दशकात केला. आपल्याकडेही तो नवा नाही. मुंबईच्या परळ भागातील के. ई. एम. हे महापालिकेचे रुग्णालय, त्यामुळे क्षयाच्या गरीब रुग्णांचा ओघ तिथे अखंड असतो. तेथील क्ष-किरण विभागातील डॉ. रवी रामकांतन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी क्षयरोग्यांच्या अशा रक्तस्रावावरील आपला अनुभव १९९६ साली 'रेडिओलॉजी' या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात मांडला. त्यात शंभराहून अधिक रुग्ण होते. बहुतेकांचे रक्त थांबले, काहींचे पुढे पुन्हा सुरू झाले. त्याच रुग्णालयातील मेंदूशल्यविशारद डॉ. अनिल करापूरकर यांनी मेंदूतल्या वेड्यावाकड्या रक्तवाहिन्या नळीच्या मार्गाने बंद करण्याचे काम देशात सुरू करणाऱ्यांत पुढाकार घेतला. सांगायचे हे की, ज्यांच्या खिशात काही नाही अशा माणसांवरही हा उपचार आपल्या राज्यात अनेक वर्षांपूर्वीपासून होत आला आहे.

तो स्पंज

पोराच्या छातीत गेला तो स्पंज बहुधा जिलेटिनचा असावा. जिलेटिन म्हणजे जनावरांच्या कातडी-हाडांतले कोलॅजन उकळून मिळणारे प्रथिन. औषधाच्या कॅप्सूलचे टरफल त्याचेच असते. त्याला फेस आणून सुकवले की पांढरा, हलका स्पंज तयार होतो. १९४० च्या दशकात शस्त्रक्रियेत वाहते रक्त टिपण्यासाठी तो बाजारात आला आणि पुढे नळीवाल्या डॉक्टरांनी तो उचलला. कात्रीने त्याचे मिलिमीटर-दोन मिलिमीटरचे तुकडे करायचे, ते आयोडिनच्या द्रवात भिजवायचे आणि पिचकारीने सोडायचे. तुकडा धमनीत अडकतो, त्याच्या छिद्रांत रक्त गोठते आणि वाट बंद होते. स्पंज स्वस्त आहे, बहुतेक शस्त्रक्रियागृहांत असतोच आणि कात्रीशिवाय दुसरे हत्यार लागत नाही.

तो पुढे कुठे जातो? कुठेच जात नाही, जागेवरच विरघळतो. शरीरातली विकरे हे प्रथिन काही आठवड्यांत तोडून टाकतात. त्यानंतर ती धमनी पुष्कळदा पुन्हा वाहू लागते.

हे ऐकून ते शिक्षक दचकले. "म्हणजे ते पुन्हा फुटणार?"

फुटेलच असे नाही, पण फुटू शकते. पोराच्या गोळ्यांचा मुद्दा इथेच येतो. स्पंजाने क्षय बरा केलेला नाही, त्याने फक्त पाणी अडवून धरले आहे. त्या अवधीत फुटलेला बांध आतून दुरुस्त करायचे काम गोळ्यांचे आहे आणि त्यांना निदान सहा महिने लागतात. जंतू मेले, सूज ओसरली, की त्या धमनीला वाढत राहण्याचे कारण कमी होते. गोळ्या सोडल्या तर बांध तसाच कच्चा राहतो आणि दार मात्र उघडायच्या बेतात असते. भोक बुजले म्हणून गोळ्या बंद करणे म्हणजे चारीला पाचटाचा बोळा लावून बांधाकडे पाठ फिरवण्यासारखे आहे.

विरघळणे हा काही जिलेटिनचा केवळ दोष नव्हे. बाळंतपणानंतर रक्त थांबेना झाले की गर्भाशयाच्या धमन्या याच स्पंजाने बंद करता येतात. काही आठवड्यांनी त्या उघडतात, गर्भाशय वाचते आणि पुढे मूल होण्याची शक्यताही राहते. तिथे कायमचे बूच कोणाला हवे असेल? अमुक पदार्थ चांगला की वाईट, असे या शास्त्रात नुसते विचारून भागत नाही. कशासाठी, हे आधी सांगावे लागते.

डिंकाचा चुलतभाऊ

जास्त टिकणारा अडसर हवा असेल तेव्हा पॉलिव्हिनाइल अल्कोहोल वापरतात. हे नाव नवखे वाटले तरी पदार्थ ओळखीचा आहे. सुतार वापरतात तो पांढरा डिंक म्हणजे पॉलिव्हिनाइल ॲसिटेटचे पाण्यातले पायस. त्या रेणूवरचे ॲसिटेटचे गट काढून टाकले की पॉलिव्हिनाइल अल्कोहोल उरते. ते पाण्यात विरघळते, म्हणून फॉर्माल्डिहाइडने त्याच्या साखळ्या एकमेकींना बांधून फेसाळ स्पंज करतात आणि तो दळून कण तयार करतात. मूळचे आंध्रचे व अमेरिकेत काम करणारे डॉ. मूर्ती ताडवर्ती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकाच्या मध्यात याचा रोधक म्हणून वापर दाखवून दिला. शरीराला हे कण तोडता येत नाहीत.

या कणांत मोल असते ते आकाराला. नगर जिल्ह्यातल्या शिक्षकांना हे सांगायला आम्ही साखरेचाच दाखला दिला. कारखान्यात साखर सुकली की हलत्या चाळण्यांवरून जाते आणि दाण्याप्रमाणे एल, एम, एस अशी तिची प्रतवारी होते. एसचा दाणा अर्धा मिलिमीटरपेक्षा थोडा मोठा, एमचा एक मिलिमीटरच्या वर. रोधक कणांचीही अशीच चाळणी करून ३०० ते ५००, ५०० ते ७०० मायक्रॉन अशा प्रती करतात. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. तांबडी रक्तपेशी सात-आठ मायक्रॉनची, हे लक्षात घेतले की प्रमाण ध्यानात येते. श्वासनलिका धमनीसाठी सहसा ३०० ते ५०० मायक्रॉनचे किंवा त्याहून मोठे कण घेतात. म्हणजे एस दाण्याहूनही बारीक, साधारण रव्यासारखे.

याहून बारीक का नाहीत? फुप्फुसात दोन्ही पाट काही ठिकाणी एकमेकांना जोडलेले असतात आणि हे जोड सव्वातीनशे मायक्रॉनपर्यंत रुंद असू शकतात. कण त्याहून लहान असेल तर तो एका पाटातून दुसऱ्यात निसटतो आणि जिथे जायला नको तिथे जाऊन बसतो. त्याहून भीतीची गोष्ट मज्जारज्जूची. काही माणसांत मज्जारज्जूला रक्त नेणारा बारीक फाटा श्वासनलिका धमनीच्याच खोडातून निघतो. त्यात कण गेले तर कमरेखालचे अंग लुळे पडू शकते. म्हणून कण सोडण्याआधी डॉक्टर पडद्यावर तो फाटा डोळ्यांत तेल घालून शोधतात. तो दिसला तर हात आखडतात, किंवा एक मिलिमीटरहूनही बारीक अशी दुसरी नळी आत घालून त्या फाट्याच्या पलीकडे नेतात.

मग खूप मोठे कण का नकोत? एम दाण्याएवढा कण खोडाच्या तोंडाशीच अडकेल. चारीचे तोंड बंद केले तरी पाणी शेजारच्या चारीतून, उंदराच्या बिळातून, बांध पाझरून खालच्या सरीत उतरतेच, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. धमन्यांचेही तसेच होते. आजूबाजूचे फाटे रुंद होऊन रोगट जाळ्याला पुन्हा रक्त पुरवतात. शिवाय तोंडच कायमचे बुजवले तर पुढच्या वेळी नळी आत न्यायला वाट राहत नाही. याच कारणाने श्वासनलिका धमनीत धातूच्या तारेची वेटोळी घालणे डॉक्टर सहसा टाळतात. अडसर फार वर नको, फार खाली नको, रोगट जाळ्याच्या अगदी उंबरठ्यावर हवा.

कण नेमके रोगट फाट्यातच कसे जातात, असेही विचारले जाते. नळीच्या तोंडापुढे त्यांना कोणी दिशा देत नाही. ते प्रवाहाबरोबर जातात आणि इथे पाठ्यपुस्तकातला एक नियम मदतीला येतो. नळीतून वाहणारा प्रवाह त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात असतो. त्रिज्या दुप्पट झाली तर प्रवाह सोळापट. रोगट फाटे फुगलेले असल्याने रक्ताची ओढ तिकडेच असते आणि कणही तिकडेच ओढले जातात. पण जाळे भरत आले की ही ओढ मंदावते. हात ढिला न सोडता पिचकारी दाबत राहिले तर कण मागे फिरून महाधमनीत येतात आणि तिथून कुठेही जाऊ शकतात. म्हणून प्रवाह मंदावल्याचे दिसताच थांबायचे. आम्हाला वाटते, या उपचारातले सगळ्यात मोठे कौशल्य कधी थांबायचे हे ओळखण्यात आहे.

गोल कणांचा हट्ट

दळून केलेले कण वेडेवाकडे असतात. ते एकमेकांत अडकून गठ्ठे होतात, नळीतच तुंबतात किंवा अपेक्षेपेक्षा वरच बसतात. म्हणून संशोधकांनी गोल मण्यांचा ध्यास घेतला. खरे तर सुरुवातच मण्यांनी झाली होती. १९६० साली अमेरिकेत ल्यूसेनहॉप आणि स्पेन्स यांनी मेंदूतल्या रक्तवाहिन्यांचे गुंतवळ बंद करायला ॲक्रिलिकच्या, म्हणजे पॉलिमिथाइल मेथॅक्रिलेटच्या, काही गोळ्या मानेतल्या धमनीतून सोडल्या होत्या. कवळी ज्या जातीच्या प्लॅस्टिकची बनते तेच हे.

परदेशी कण महाग, म्हणून तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत हा प्रश्न हाती घेतला गेला. ए. जयकृष्णन, बी. सी. तानू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच ॲक्रिलिकचे सूक्ष्म मणी केले आणि अल्कलीची प्रक्रिया करून त्यांच्या पृष्ठभागावरच्या एस्टर गटांचे जलविच्छेदन केले. एस्टरच्या जागी आम्लाचे क्षार आले की तो भाग पाण्याची ओढ असलेला होतो. कोरडा कडक मणी पाण्यात फुगतो, त्याच्यावर मऊ, बुळबुळीत थर येतो आणि तो नळीतून अलगद सरकतो. दहावीच्या पुस्तकातला साबण तयार करण्याचा प्रयोगही एस्टरचे जलविच्छेदनच आहे. त्याच संस्थेतील व्ही. आर. के. राव व सहकाऱ्यांनी १९९१ साली या मण्यांच्या रुग्णांवरील वापराबद्दल लिहिले. जयकृष्णन यांच्या गटाने मण्यांत बेरियम सल्फेट, टँटॅलम किंवा आयोडिनयुक्त संयुगे घालूनही पाहिली. कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजनचे मणी क्ष-किरणांना दिसत नाहीत. आयोडिनचा अणुअंक ५३, बेरियमचा ५६, टँटॅलमचा ७३. अणू जड असेल तर सावली गडद पडते आणि मणी कुठे बसला ते डॉक्टरला कळते.

असे मणी करणे ऐकायला सोपे आहे. पाण्यात तेलकट द्रवाचे थेंब ढवळत ठेवायचे आणि ढवळत असतानाच ते घट्ट होऊ द्यायचे. ढवळण्याचा वेग वाढवला की थेंब लहान, कमी केला की मोठे. आम्ही उमेदवारीच्या काळात हे पहिल्यांदा केले तेव्हा नेमक्या मधल्या तासाला वीज गेली, ढवळणी थांबली, आणि मण्यांऐवजी चंचुपात्राच्या आकाराचा एकच भलामोठा गोळा हाती आला. चंचुपात्र फोडूनच तो काढावा लागला. बरीच वर्षे तो आमच्या टेबलावर कागद दाबायला होता.

गोंद आणि वीज

काही जागी कण चालतच नाहीत. जिथे धमनी आणि शीर यांच्यामध्ये केशवाहिन्याच नसतात आणि रक्त भसाभस पलीकडे जाते, तिथे कण अडकण्याआधीच वाहून जाईल. अशा वेळी द्रव सोडायचा आणि तो जागेवर घट्ट व्हायचा. मोडलेले खेळणे क्षणात जोडणारा झटपट गोंद सर्वांनी पाहिला आहे. त्याच्याच कुळातला, शरीराला चालेल असा सायनोॲक्रिलेट इथे वापरतात. हा गोंद वाळून घट्ट होत नाही. ओलाव्यातल्या ऋण आयनांनी त्याच्या रेणूंची साखळी सुरू होते, आणि रक्तात ते भरपूर असतात. म्हणून गोंद सोडण्याआधी नळी मिठाच्या पाण्याने धुवायची नाही, ५ टक्के ग्लुकोजच्या पाण्याने धुवायची. ग्लुकोजच्या पाण्यात आयन नसल्यासारखेच असतात. मीठ की साखर, एवढ्या फरकावर गोंद नळीत घट्ट होणार की धमनीत, हे ठरते! गोंद सावकाश घट्ट व्हावा आणि पडद्यावर दिसावा म्हणून त्यात आयोडिनयुक्त तेल मिसळतात. हे तेल फ्रान्समध्ये १९०१ साली तयार झाले, आणि ते आहे खसखशीच्या तेलापासून केलेले.

धमनीला आलेला फुगा भरायला प्लॅटिनमची केसासारखी तार वापरतात. इटलीचे गुग्लिएल्मी यांनी १९९१ साली प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत ही तार पोलादी दांडीला जोडलेली असते. वेटोळे नीट बसले की सुमारे एक मिलिॲम्पिअरची वीज सोडतात. धनाग्र झालेले पोलाद रक्तात जोडाशी विरघळते, प्लॅटिनम तसेच राहते आणि वेटोळे सुटते. नीट बसले नाही तर वीज सोडण्याआधी ते मागे ओढून घेता येते. विद्युत अपघटनाचा इतका नाजूक उपयोग आम्हाला दुसरा माहीत नाही.

वर्गात करून पाहण्यासाठी

गवंडी पातळी पाहायला वापरतात ती पारदर्शक नळी घ्या. टी-जोड लावून तिला दोन फाटे करा, एक रुंद, एक अरुंद. रुंद फाट्याच्या टोकाला अरुंद नळीचा बोटभर तुकडा घट्ट बसवा. उंचावर ठेवलेल्या बादलीतून पाणी सोडा आणि वरच्या तोंडातून क्रमाने रवा, कोरडा साबुदाणा आणि थोडा भिजवून फुगलेला साबुदाणा सोडा. रवा निसटून जाईल. फुगलेला साबुदाणा बसेल, पण कुठे, ते पाहा. धुतलेला आणि न धुतलेला साबुदाणा यांची तुलना अवश्य करा. न धुतलेला चिकटून गठ्ठा होतो आणि वरच अडकतो. सलाईनची वापरलेली नळी कृपया कोणी आणू नये.

शिबिरानंतर दीड-दोन महिन्यांनी त्या शिक्षकांचे पत्र आले. पोराला आणि त्याच्या आईला त्यांनी शाळेत बोलावून हाच प्रयोग दाखवला होता. साबुदाणा बसला आणि पाणी थांबले, हे पाहून आई म्हणाली, "हा बोळा रोज थोडा थोडा विरघळतोय होय?" पोराने त्या आठवड्यापासून गोळ्या पुन्हा सुरू केल्या. मध्ये खंड पडल्यामुळे दवाखान्यात थुंकीची तपासणी पुन्हा करावी लागली आणि औषधांचे दिवस वाढले. पत्राच्या शेवटी नववीच्या वर्गाचा एक प्रश्न होता. पन्नास साबुदाण्यांपैकी सात अरुंद फाट्यातून बाहेर पडले. डॉक्टरांचे असे किती जात असतील, आणि ते कसे मोजायचे?